कडेची संत्रागोळी

४ नोव्हेंबर

आज अखेर खेळाचं नाव ठरलं. 'बरणी'. आठवडाभर जेवणाच्या टेबलावर 'गोडधोड', 'चघळ', 'साखरपेरणी' अशी नावं लोळत पडली होती. शेवटी मुंगीने, म्हणजे माझ्या नातीने, कंटाळून सांगितलं की मणी बरणीत टाकायचे आहेत तर खेळ बरणीचाच, त्यात एवढा विचार कसला करायचा.

लेकीने ऑफिसातली नोकरी सोडून हा उद्योग मांडला तेव्हा मी मनातून धसकलो होतो. आता मात्र तो माझ्याच आयुष्यातून कापून काढल्यासारखा वाटतो. उभी हयात मी गोळ्यांच्या कारखान्यात पाकाच्या कढईपाशी काढली. संत्रं, लिंबू, पेपरमिंट, रासबेरी आणि कॉफी. तेच पाच स्वाद तिने खेळात घेतले. जावईबापू फर्निचरच्या कारखान्यात आहेत, त्यांनी प्लायवूडच्या सहा बाजूंच्या वड्या कापून दिल्या आणि लेकीने त्या रंगवल्या. ती त्यांना 'तुकडे' म्हणते. आमच्याकडे जे जे कापलं जाई ते सगळं वडीच, म्हणून मी वडी म्हणतो. वडीच्या प्रत्येक कडेवर अर्धी गोळी रंगवलेली आहे. आपली पाळी आली की टेबलावरच्या वड्यांना एक वडी अशी जोडायची, की अर्धीला अर्धी भेटून अख्खी गोळी व्हावी. झाली की एक काचमणी आपल्या बरणीत. ज्याची बरणी आधी भरेल तो जिंकला. याला पट नाही की रेघ नाही. मधोमध सुरुवात करायची आणि खेळ टेबलभर वाटेल तिकडे पसरू द्यायचा.

थंडी सरली की खेळण्यांचं प्रदर्शन आहे. तोवर रोज संध्याकाळी आम्ही चौघांनी खेळून नियमांतल्या उणिवा शोधायच्या, असं ठरलं आहे. रंगांना वास असता तर आज टेबल दरवळलं असतं. कढई ढवळताना मी शाळेतल्या कविता म्हणत असे आणि आमचा भट्टीवाला फावड्याने लोखंडी दारावर ठेका धरी. तो ठेका आज पुन्हा कानात वाजला.

उठताना डावी मांडी टेबलाच्या कोपऱ्यावर आपटली. कोपरा होता तिथेच होता, मीच कवितेत होतो.

९ नोव्हेंबर

आज एक विचित्र गोष्ट झाली. लिहू की नको असं झालं होतं, पण इथे खोटं लिहायचं तर मग लिहायचंच कशाला?

खेळ रंगात आला होता. मी माझी वडी ठेवली, मणी उचलला, आणि पाहतो तर डाव्या हाताला चार-पाच वड्यांची अख्खी शेपटी लागलेली. रासबेरीच्या दोन गोळ्या पुऱ्या झालेल्या. मी विचारलं, हे कधी झालं? सगळे हसले. मुंगी म्हणाली की तिने आणि तिच्या बाबांनी मिळून तिकडेच तर मघापासून लावलंय, आणि मी चक्क 'वा' म्हणालो होतो.

'वा' म्हटल्याचं मला आठवतं. कशाला म्हटलं ते आठवत नाही. मला वाटतं, मी समोरच्या लिंबाच्या गोळीला म्हटलं असेन. पण त्या वड्या माझ्या देखत ठेवल्या गेल्या असणार. मी टेबलाशीच होतो, डोळे उघडे ठेवून.

मग मीही हसलो, सगळ्यांच्यापेक्षा जरा जास्तच.

१३ नोव्हेंबर

भट्टीवाल्याकडे जाऊन आलो. बरेच दिवस टाळत होतो.

त्याच्या सुनेने दार उघडलं, पण त्याच्या खोलीचं दार तिला वेगळं उघडावं लागलं. खोलीला बाहेरून कडी आहे. कडी नवी, पितळेची, लख्ख. सून ओशाळून म्हणाली की काय करणार काका, ते निघून जातात, मागच्या खेपेला थेट मालधक्क्यावर सापडले. तिला बोल लावायचा नाही. त्याचे कपडे स्वच्छ होते, नखं कापलेली होती.

त्याने मला ओळखलं नाही. मला 'साहेब' म्हणाला. ज्या माणसाने आयुष्यात कुठल्याही साहेबाला साहेब म्हटलं नाही, तो मला साहेब म्हणाला आणि उठून उभा राहिला. मी कविता सुरू केली, वाटलं हात ठेका धरेल. त्याने विनम्रपणे ऐकून घेतली.

निघताना सुनेला विचारलं, सुरुवात कशी झाली? ती म्हणाली, अगदी साधी. समोर घडलेली गोष्ट घडलीच नाही म्हणायचे. ताट वाढलेलं असायचं आणि म्हणायचे, हे कधी वाढलंस? मुलांनी दात दाखवायला नेतो असं सांगून डॉक्टरकडे नेलं. दाताचं निमित्त. तिथे त्यांना भलतेच प्रश्न विचारले: आज वार कोणता, शंभरातून सात गेले किती. परत आले ते असेच.

कडी सरकल्याचा आवाज मला फाटकापर्यंत ऐकू येत होता. आताही येतो आहे.

१४ नोव्हेंबर

सकाळी अंथरुणातच स्वतःची परीक्षा घेतली. तिसरीच्या पुस्तकातल्या सगळ्या कविता, क्रमाने. होडीची, हरणाची, पाणपोईची, दिव्याची. एक अक्षर चुकलं नाही.

थांब वाऱ्या, थांब थोडा, ज्योत माझी कोवळी
ओंजळीच्या आत मी ती रातभर सांभाळली

ही म्हणताना वर्गाचा वास आला. ओला खडू, शाईची दौत, पुढच्या मुलाच्या डोक्याचं तेल. ज्याचं डोकं जातं त्याला हे असं राहतं का? भट्टीवाल्यालाही जुनं आधी राहिलं होतं, असं सून म्हणाली होती. मग परीक्षेचा उपयोग काय?

१९ नोव्हेंबर

काल आणि परवा खेळलो. दोन्ही दिवस तेच. वड्या उगवतात. काहीच नसतं तिथे, आणि मग असतं.

आता मी एक युक्ती काढली आहे. फक्त माझ्या नाकासमोर खेळायचं आणि बाकी कशाबद्दल काही विचारायचं नाही. कुणी 'बघितलंत का बाबा' म्हटलं की 'हो तर' म्हणायचं.

कुणाला कळता कामा नये. कळलं तर सगळ्यात आधी शाळा जाईल. दुपारी मुंगीला शाळेतून आणणं एवढं एकच काम या घरात माझं म्हणून आहे. शाळा लांब नाही. फाटकापासून बेकरीच्या भिंतीने सरळ, मग पोस्टाच्या पेटीपाशी तो मोठा रस्ता, पट्ट्यांवरून पलीकडे, आणि पुढे गल्ली. मोठा रस्ता सोडला तर आंधळ्यानेही जावं. रस्त्यापाशी मात्र मी तिचा हात घट्ट धरतो. ज्या माणसाला समोर घडलेलं समजत नाही, त्याच्या हातात कुणी आपलं पोर देईल का? मी दिलं असतं का?

हा प्रश्न लिहिला आणि वही मिटून ठेवली होती. आता पुन्हा उघडली. उत्तर मला माहीत आहे. पण पेटीपाशी मी थांबतो, दोन्हीकडे नीट पाहतो, रस्ता मोकळा असल्याची खात्री करतो. तेवढं डोकं अजून चालतं.

मुंगीने हल्ली नवीन खूळ काढलं आहे. पूर्वी माझ्या उजव्या हाताला चालायची, आता डावीकडेच चालते. मी दप्तर डाव्या हातात घेतलं तर ओढून घेते आणि उजवीकडे देते. पोरांची खुळं. मलाही लहानपणी फरशीच्या रेघेवर पाय पडलेला चालत नसे.

२४ नोव्हेंबर

लेक आज नियमांशी झगडत होती. तिचं म्हणणं असं की खेळात कुठेतरी खोट आहे, कारण एक बाजू मरते. 'बाबा डावीकडे खेळतच नाहीत. तिकडे एवढ्या सोप्या जागा असताना का नाही खेळत?'

जावईबापू म्हणाले की तो त्यांचा डाव असेल, जुना खेळाडू आहे. मी ती काडी झटकन पकडली. म्हटलं, हो, मी तुम्हाला तिकडे गुंतवून ठेवतो आणि इकडे मणी गोळा करतो. मुंगी म्हणाली, 'पण आजोबा, तुमच्या बरणीत तीनच मणी आहेत.'

सगळे हसले. लेक हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती, लहानपणी तापात कपाळावर हात ठेवायच्या आधी तिची आई बघायची तशी.

२९ नोव्हेंबर

आज जिंकलो! लेकीने खेळाचं रूप बदललं आहे. टेबलभर पसरू न देता एक मोठं गोल तबक मधोमध ठेवलं, खेळायचं ते त्याच्या आतच. माझी बरणी सगळ्यांच्या आधी भरली. एकही वडी उगवली नाही. जिथे जे ठेवलं ते मला दिसलं, लक्षात राहिलं, उपयोगी पडलं. जावईबापूंनी पाठ थोपटली. मला वाटलं, सुधारलो. महिनाभर नुसत्या भीतीने अर्धा झालो होतो.

१ डिसेंबर

लेकीने आज तबक काढून घेतलं. का, तर दोन्ही तऱ्हांनी तपासून बघायचंय म्हणे. मी वाईट हरलो.

आणि दुसरं. आवराआवर करताना मुंगीने माझ्या डाव्या कोपरापाशी बोट दाखवलं. तिथे एक संत्रागोळी होती, खरीखुरी, कागदातली. मला संत्रागोळी दिसली की ती तोंडात जायला क्षण लागत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. ही बहुधा मीच खिशातून काढून ठेवली असणार, खायची म्हणून, आणि विसरलो असणार. खेळभर कोपरापाशी गोळी, आणि मला पत्ता नाही.

मी हसून म्हटलं, मुद्दाम ठेवली होती, शेवटी खायला. लेक पदराने, म्हणजे ओढणीने, टेबल पुसत राहिली. तिथे पुसण्यासारखं काही नव्हतं.

गोळी खाल्ली. गोड लागली नाही.

३ डिसेंबर

दुपारी स्वयंपाकघरातून दोघांचं बोलणं कानावर आलं. हळू बोलत होते. 'डॉक्टर' एवढा शब्द दोनदा आला.

संध्याकाळी लेक जवळ येऊन बसली. म्हणाली की चष्म्याचा नंबर बघून घेऊ या, बरीच वर्षं झाली, शनिवारी तिला वेळ आहे. अगदी सहज, हातात विणकाम घेऊन. ती विणकाम कधीच करत नाही.

दाताचं निमित्त, तसं हे चष्म्याचं निमित्त. तिथे नेऊन मला वार विचारणार. शंभरातून सात विचारणार. मी म्हटलं, माझे डोळे ठणठणीत आहेत, पेपरातली बारीक अक्षरं वाचतो, तुझ्या वडीवरची केसाएवढी रेघ दाखवतो, चष्मा कशाला? आणि हे खरंच आहे. तिने पुन्हा विचारलं, मी पुन्हा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा मी आवाज चढवला. लेकीवर मी आवाज चढवल्याला किती वर्षं झाली असतील!

ती उठून गेली. विणकाम तिथेच राहिलं. सुया उलट्या धरल्या होत्या तिने.

४ डिसेंबर

शंभर, त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी. बाहत्तरनंतर अडखळलो. मग पुन्हा पहिल्यापासून. दिवसभर हेच.

शाळेत जाताना बेकरीच्या भिंतीला डावा खांदा घासला. कोटाला पीठ लागलं.

१० डिसेंबर

क्रमाने लिहितो.

पेटीपाशी थांबलो. मुंगी डावीकडे होती, पण तिच्या बुटाचा बंद सुटला म्हणून ती खाली वाकली, मग बांधून उठली ती माझ्या उजवीकडे. मी रस्ता पाहिला. शपथेवर सांगतो, पाहिला. रिकामा होता. थंडीतलं पांढरं ऊन, कडेची वाळकी झाडं आणि रिकामा रस्ता. मी तिचा हात धरून पाऊल टाकलं.

सायकल कुठून आली? सायकल नव्हती, आणि मग माझ्या छातीशी तिचं हँडल होतं. सायकलवाल्याने वळवली म्हणून आम्हाला नुसता धक्का बसला. मी बसकण मारली, मुंगी हाताला हिसका बसून पट्ट्यांवर पडली. कोपर सोलवटलं. सायकलच्या मागून एक टेम्पो येत होता, तो करकचून थांबला. त्याची नंबरपाटी मुंगीच्या केसांच्या वर होती. तिच्या केसांच्या वर.

सायकलवाला ओरडला की लांबून घंटी वाजवत येतोय, दिसत नाही का? रस्त्यावर सगळ्यांना असंच विचारतात. टेम्पोवाला उतरला, त्याने मुंगीला उचललं, मला हात दिला. तोही ओरडला असता तर बरं झालं असतं.

मुंगी रडली नाही. ओठ आवळून म्हणाली, 'माझ्यामुळे झालं. मी या बाजूला आले म्हणून.' मी तिला म्हटलं, वेडे, तुझ्यामुळे कसं होईल?

घरी येईपर्यंत मी तोच क्षण पुन्हा पुन्हा पाहत होतो. रस्ता रिकामा होता हे मला स्पष्ट आठवतं. आणि तो रिकामा नव्हता. म्हणजे माझं डोकं आता नुसतं विसरत नाही, खोटंही रचतं. भट्टीवाल्याच्याही पुढे गेलो मी.

उद्या लेकीला सांगणार. आज नाही, आज तिने मुंगीच्या कोपरावर फुंकर घालावी.

११ डिसेंबर

सांगितलं.

मुंगी शाळेत, जावईबापू कामावर. लेक टेबलाशी वड्या घासत बसली होती. मी समोर बसलो आणि भाषण पाठ केल्यासारखं सांगून टाकलं. वड्या उगवतात ते, गोळीचं, रिकाम्या रस्त्याचं. भट्टीवाल्याच्या दाराचं. म्हटलं, मुंगीला आता तू आणत जा. आणि माझ्या खोलीला बाहेरून कडी लावायची तर लाव, पण मी तुला साहेब म्हणायची वेळ येण्याआधी लाव, म्हणजे मला कळेल की तू लावली आहेस.

ती ऐकत होती. घासकागद तिच्या हातातून खाली पडला. 'कडी?' एवढंच म्हणाली. मग तिने विचारलं, 'तुम्हाला इतके दिवस हे वाटत होतं, बाबा?'

मग उठून माझ्या मागे आली. म्हणाली, समोर खिडकीच्या खिट्टीकडे बघत राहा, मान हलवू नका, मी डावीकडून एक वडी आणणार आहे, दिसली की सांगा.

मी खिट्टीकडे बघत बसलो. पोरखेळ वाटला. खिट्टीवर रंगाचा पापुद्रा निघाला होता, तो पाहून झाला. भिंत पाहून झाली. मी म्हटलं, काढ ना आता ती वडी.

'केव्हाची धरली आहे, बाबा,' ती म्हणाली. तिचा आवाज अगदी कानाशी होता.

मी मान वळवली. वडी माझ्या गालापासून वीतभर होती. रासबेरीची, लालभडक.

मी पुन्हा खिट्टीकडे पाहिलं. वडी गेली. मान वळवली, आली. गेली, आली. आम्ही दोघं किती वेळ हे करत होतो कुणास ठाऊक. आणि सगळ्यात भयंकर गोष्ट ही की वडी जाते तिथे काळोख दिसत नाही. काहीच कमी वाटत नाही. तिथे छान भिंत असते, सलग, पांढरी.

१३ डिसेंबर

डोळ्यांच्या इस्पितळात गेलो. एका अर्ध्या भांड्यासारख्या यंत्रात हनुवटी टेकवून बसवतात, हातात बटण देतात, मध्ये बघत राहायचं आणि कुठेही ठिपका चमकला की बटण दाबायचं. मधूनमधून कितीतरी वेळ काही चमकेचना. मी तिथल्या मुलीला म्हटलं, बाई, यंत्र बंद पडलं वाटतं. ती म्हणाली, चालू आहे आजोबा.

डॉक्टरीणबाईंनी नीट समजावून सांगितलं. काचबिंदू. डावा डोळा बराच गेलेला, उजवाही नाकाकडच्या बाजूने खाल्लेला. हा दुखत नाही, खुपत नाही, कडेकडून येतो. समोरचं शेवटपर्यंत लख्ख दिसतं, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. जे दिसत नाही ते मेंदू आपलं आपण रंगवून घेतो. गेलेलं परत येत नाही. उरलेलं राखण्यासाठी रोज थेंब घालायचे, जन्मभर.

मी विचारलं, 'आणि डोकं?'

त्या म्हणाल्या, 'डोक्याचं काय?'

मी त्यांना दिव्याची कविता अख्खी म्हणून दाखवली, शंभरातून सात एका दमात दोनापर्यंत उतरलो, आणि मग मला हसू फुटलं. आवरेना. डोळेच ना? नुसते डोळे! बाईंना वाटलं असेल, म्हातारा धक्क्याने गेला. लेक मात्र रडत होती. बाहेर येऊन मी तिला म्हटलं, अगं, आनंदाची बातमी आहे, मी तुला ओळखत मरणार. ती म्हणाली, गप्प बसा.

१६ डिसेंबर

हसू दोन दिवस टिकलं.

आज दुपारी शाळेच्या वेळेला मी दारात उभा होतो आणि लेक एकटी निघून गेली, तेव्हा बाईंचं एक वाक्य आठवलं. हसण्याच्या भरात ते मी ऐकलं होतं पण कानाआड टाकलं होतं. त्या लेकीला म्हणाल्या होत्या, शेवटच्या काही महिन्यांतच फार वेगाने गेलेलं दिसतं, थेंब तेव्हाच सुरू व्हायला हवे होते.

तेव्हा म्हणजे जेव्हा वड्या उगवत होत्या. जेव्हा मी 'हो तर' म्हणत होतो. लेक विणकाम घेऊन बसली होती तेव्हाही थोडं उरलं असेल. मी भलत्या चोराला घाबरून दार लावून बसलो आणि खरा आतच होता.

मुंगी आली. मी तिला विचारलं की ती डावीकडे का चालायची. तिने खांदे उडवले. म्हणाली, तुम्ही त्या बाजूच्या खांबांना धडकता ना, म्हणून. मी विचारलं, मग आईला का नाही सांगितलंस? तिला प्रश्नच कळला नाही. म्हणाली, 'आईला माहीतच असेल की. तुमची ती बाजू झोपलेली असते.'

मग माझ्या लक्षात आलं, की इतके दिवस त्या रस्त्यावरून कोण कुणाला आणत होतं. मी पायरीवर बसलो. ती माझ्या डाव्या बाजूला बसली. मला दिसत नव्हती, पण तिच्या कोपरावरची खपली माझ्या बाहीला घासत होती.

२२ डिसेंबर

मला रोज भीती वाटते, हे लिहून ठेवतो. पूर्वीची भीती काळी होती, ही पांढरी आहे. भिंतीसारखी, सलग, छान. ती आज किती पुढे सरकली ते मला कधीच कळणार नाही. खोलीत शिरलो की मी दाराच्या दोन्ही चौकटींना हात लावून बघतो. कारखान्याची स्वप्नं पडतात, त्यात कढई, भट्टी, फावडं सगळं समोरच असतं. स्वप्नातसुद्धा मी डावीकडे वळून बघत नाही.

भट्टीवाल्याला भेटून आलो, लेक सोबत होती. मला पुन्हा साहेब म्हणाला. या खेपेला मी त्याच्या शेजारी बसलो आणि मीच त्याच्या गुडघ्यावर ठेका धरला.

५ जानेवारी

लेक प्रदर्शनासाठी खेळाची पेटी बांधते आहे. आज पाहिलं तर तिने पेटीत तबक ठेवलेलं. म्हणाली, ठरलं, खेळ तबकातलाच, लहान आणि आटोपशीर, घरच्या माणसांना बरा. तिने माझ्याकडे न बघता सांगितलं.

मी तबक पेटीतून काढून ओट्यावर नेऊन ठेवलं. तिला सांगितलं की तुझा खेळ टेबलभर पसरायचा आहे, तो माझ्या डोळ्यांच्या मापाने कापू नकोस. मला मान आहे, मी वळवीन.

'दर पाळीला?' तिने विचारलं.

'दर पाळीला,' मी म्हटलं.

संध्याकाळी खेळलो. मी दर पाळीला मान डावीकडे पार खांद्यापर्यंत नेतो आणि हळूहळू परत आणतो. मुंगी वैतागली, म्हणाली, आजोबा टेबलपंखा झालेत. जावईबापूंनी मला बंद करायचं बटण शोधायला सुरुवात केली. हरलो, पण डावीकडे दोन वड्या लावल्या आणि एक पेपरमिंटची गोळी पुरी केली. लेकीने तो मणी माझ्या बरणीत स्वतः टाकला.

शेवटून तिसऱ्या पाळीला मान वळवली तेव्हा टेबलाच्या कडेला, डाव्या कोपरापाशी, कागदातली संत्रागोळी होती. आधीच्या पाळीला नव्हती, हे मी छातीठोक सांगतो. कुणी ठेवली ते विचारलं नाही. सगळे आपापल्या वड्यांकडे फार लक्ष देऊन बघत होते. मी कागद सोडवला आणि गोळी गालात धरली.

मग थेंबांची वेळ झाली. लेकीने मान मागे धरून थेंब घातले. त्यानंतर थोडा वेळ डोळे मिटून बसायचं असतं, आणि दिवसातला तेवढाच वेळ मला सोसत नाही. या अंधाराशी ओळख वाढू नये म्हणून मी ओठांतल्या ओठांत दिव्याची कविता म्हणतो. संत्र्याची चव, 'ओंजळीच्या आत' पाशी आलो, आणि आजूबाजूला एकदम शांतता. वड्यांचा आवाज नाही, कुणाचा श्वास नाही. वाटलं, सगळे उठून गेले की काय.

डोळे उघडले. समोर रिकामी खुर्ची होती. मी मान वळवली, पार खांद्यापर्यंत. मुंगी होती.